मागच्या बाजूचे साठ फूट

२ मे १९८४, बुधवार

आजपासून एकवीस दिवसांची अर्जित रजा. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरगुती बांधकाम. साहेबांनी विचारलं, कोणतं बांधकाम. कुंपण, म्हटलं. हसले. म्हणाले, रामटेके, कुंपणाला एकवीस दिवस? धानोऱ्यात लोक दोन दिवसांत बांबूच्या ताट्या ठोकून मोकळे होतात.

होत असतील. मी अकरा वर्षं ओव्हरसियर आहे. एस्टिमेटशिवाय भिंतीत खिळा ठोकला नाही.

मनकर्णा परवा माजरीला गेली, तिच्या भावाकडे, मनसारामकडे. हवापालट. माजरीत कोळशाच्या खाणी, दोरीवर वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी काळं होतं, पण बदल तो बदल. जाताना म्हणाली, मागची वाट बंद केली तर मी या घरात पाणी पेणार नाई. रागात माणूस काहीही बोलतो. बायकांना ड्रॉइंगवरून कल्पना येत नाही. तार ताणून झाली, बल्ल्या एका रेषेत उभ्या दिसल्या, की स्वतःच येईल आणि म्हणेल, वा.

संकल्प: रोज सकाळी सहाला काम. रोज डायरी. बिडी बंद.

३ मे

मेजरमेंट घेतलं. प्लॉट ९० बाय ६०. समोर फाटकाचे दहा फूट वजा. बाकी २९० रनिंग फूट. खांबांना बल्ल्या सागाच्या, सरकारी डेपोतून, दर आठ फुटांवर एक. कोपऱ्याला टेके. बुडाला दोन फूट डांबर, उधई लागू नये म्हणून. चार तारा. ११६० फूट, अधिक वेस्टेज पाच टक्के, १२१८. सुरेख.

मागच्या बाजूला जरा घोळ. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात. पहाटे जातात, दुपारी घरी बसून पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी फडीवर नेऊन मोजून देतात. दुपारी बारा ते तीन धानोऱ्यात कुत्रंही बोलत नाही.

म्हणून मागची बाजू दोन्ही कोपऱ्यांकडून मध्यापर्यंत मोजली. मध्ये ती वाट आहे. वाटेचे सात फूट अंदाजे धरले.

वाटेबद्दल नोंद, रेकॉर्डसाठी: रस्त्याकडून येते, आमच्या अंगणातून, विहिरीला वळसा घालून मागे जंगलाकडे. पुढे मरघट. जवळच्या टोल्यावरचे, म्हणजे वस्तीतले, गोंड लोक मयत इथूनच नेतात. प्लॉट घेतला तेव्हाही नेत होते. आम्हीही एकदा नेली. आमची यशी. सप्टेंबर १९८२. वय दोन वर्षं सात महिने. ताप डोक्यात चढला.

विषय तो नाही. विषय कुंपण.

कुंपणाचं कारण: मोकाट ढोरं, डुकरं, शेळ्या इत्यादी.

बिडी एकच. मेजरमेंटचा ताण होता.

५ मे

बुधरी आली होती. टोल्यावरची म्हातारी, चार-पाच शेळ्या राखते, मनकर्णेशी फार गट्टी. आखणीच्या खुंट्या पाहून वाटेवरच फतकल मारून बसली. म्हणे, भाऊ, इथी खुंटी काऊन ठोकली? मी सांगितलं, कुंपण. म्हणे, मंग मले कुठून नेतीन? मी म्हटलं, तळ्याच्या पाळीवरून न्यायचं, रस्ता चांगला आहे. म्हणे, पावसाळ्यात मेली तं? ते चौघं चिखलात घसरतीन, मी पडन खाली, मेल्यावर कंबर मोडून घेऊ काय?

मी म्हटलं, उन्हाळ्यात मरा. खूप हसली. दात एकच, तोही हलतो. मग म्हणाली, बाईनं तुले काई सांगतलं नाई का? मी म्हटलं, कामाच्या वेळी गप्पा नकोत. गेली.

या लोकांना प्लॅनिंग म्हणून काही कळत नाही.

६ मे, रविवार. दुपारी १ वाजता

निरीक्षण नोंदवून ठेवतो. ओव्हरसियरने सगळं नोंदवावं.

साडेबाराला मागे वाजलं. छुन. मग थांबलं. मग छुन छुन, हलकं, लहान पाऊल टाकल्यासारखं. विहिरीपाशी थोडा वेळ. मग अंगणातून पुढे, आणि बंद.

वाळे. यशीला गिलटाचे वाळे मीच आणले होते, गडचिरोलीच्या बाजारातून, बारीक घुंगरांचे. चांदीचे घ्या म्हणत होती मनकर्णा. मी म्हटलं, पाय वाढतात, चांदी वाया जाईल. तो आवाज मला ओळखू येतो. कोणाला येणार नाही?

वाजलं तेव्हा मी मागचं दार लावून घेतलं, खाटेवर पडलो आणि ओला टॉवेल तोंडावर घेतला. उन्हामुळे. मेमध्ये झळ डोळ्यांना वाईट.

पूर्वी फक्त रविवारी ऐकायचो, कारण बाकीचे दिवस ऑफिस. मनकर्णा मात्र रोज साडेबाराला मागच्या ओसरीत पाय पसरून बसायची, दार सताड उघडं. दीड-पावणेदोन वर्षं. मी एकदाच म्हटलं होतं, या घरात तिचं नाव काढायचं नाही, त्रास होतो. तिला होतो, म्हणून म्हटलं.

मी बौद्ध माणूस. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावल्या आहेत. भूतखेत मानत नाही. म्हणून तर बंदोबस्त तारेचा करतो आहे, अंगाऱ्याचा नाही.

७ मे

आजही. साडेबारा.

९ मे

वाटेवर आखणीची सुतळी ताणली होती, जमिनीपासून फूटभर. दुपारनंतर पाहिली तर तुटून पडलेली. दुसरी बांधली, दुहेरी. तीही. उन्हाने सुतळी कडक होते, मग वाऱ्याने तुटते. शास्त्र सरळ आहे.

बाकी २८३ फुटांवरची सुतळी तुटली नाही. तिथे वारा कमी.

डेपोतून बल्ल्या आल्या. सदतीस अधिक टेके आठ. तीन वाकड्या निघाल्या. त्या वाटेच्या जागेसाठी ठेवू नयेत अशी चिठ्ठी बांधून बाजूला टाकल्या. तिथे माल सरळ पाहिजे.

१० मे

एस्टिमेट रिवाइज केलं. चारऐवजी पाच तारा. कारण असं.

खालची तार सहा इंचांवर घेतली तर शेळी वाकून येऊ शकते. पण नुसत्या शेळीचा विचार करून चालत नाही. आमच्या आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण आहे, दोन फूट साडेनऊ इंच. टेप लावून पाहिलं. चार तारांत दुसरी आणि तिसरी यांच्यामधून ती उंची सहज डोकं घालू शकते.

म्हणून पाच. १४५० फूट. वेस्टेज धरून १५२३.

आकडा दोनदा तपासला. बिड्या तीन.

माणसं म्हणतात रामटेके फार बारीक बघतो. बघावं लागतं. नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, माझ्याच एस्टिमेटचा. उंची नियमाप्रमाणे धरली होती, इंचभरही कमी नाही. त्या रात्री पाणी नियमाच्या वर तीन फूट आलं. बैलगाडी अलीकडे उभी, पोरगी मनकर्णेच्या मांडीवर, पलीकडे गडचिरोलीचा रस्ता आणि दवाखाना. पाणी सकाळी उतरलं. चौकशी कोणी केली नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. फाइल मी स्वतः दोनदा काढून पाहिली, आकडे सगळे बरोबर आहेत.

१२ मे

सुकलू मिळाला, खड्डे करायला. फडीवरून वेळ काढून दुपारनंतर येतो. चांगला माणूस, हाताला वेग. दोन दिवसांत चौतीस खड्डे. आज वाटेपाशी आला आणि सब्बल ठेवून दिली.

म्हणे, साहेब, इथून मयत जाते. मी म्हटलं, माहीत आहे. म्हणे, मले घरी लेकरं हायेत. मी त्याला अर्धा तास समजावलं, विज्ञान, जमीन, मालकी हक्क, सातबारा. सगळं ऐकलं. मान हलवली. मग म्हणे, बराबर हाय साहेब तुमचं, मंग तुमीच खणा ना.

खणतो. त्यात काय.

१३ मे

एक खड्डा. नऊ इंच. तळहाताला फोड चार. मुरूम कडक आहे. शिवाय साडेबारा वाजत आले होते.

काल मनसारामचं कार्ड आलं. अक्षर गिचमिड. लिहितो, बाईची तब्येत बरी आहे, जेवण कमी आहे. दुपारी क्वार्टरच्या मागे रेल्वे सायडिंगकडे तोंड करून बसते, कोणी बोललेलं आवडत नाही. भाऊजी, तुमी तिले काई बोलले का?

मी काहीच बोललो नाही. दोन वर्षांत काही बोललेलो नाही, विचारा कोणालाही.

हवापालट लागू पडायला वेळ लागतो.

१५ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात. पांढरा शर्ट. वंदना झाली, खीर झाली. खीर वाढणाऱ्या गिरजाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, मनकर्णाबाई दिसत नाही. हवापालटाला गेल्या, म्हटलं. माजरीले? त्यांनी असं विचारलं की मागची पोरं हसली.

परतताना ठरवलं, आज काय ते संपवायचं. पौर्णिमेला मनाचा निश्चय पक्का होतो. सब्बल घेऊन अकराला वाटेवर उभा राहिलो. दुसरा खड्डा दोन फूट केला. तिसरा दीड फूट करत होतो.

साडेबाराला पाठीमागून वाजलं. जंगलाच्या बाजूने. जवळ येत होतं. छुन, छुन, आणि माझ्यापासून दहा पावलांवर थांबलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. सब्बल खड्ड्यात राहिली, चप्पल वाटेवर राहिली, मी घरात. कडी लावली, वरची आणि खालची. भीती नाही, डोक्यात ऊन चढलं होतं, अशा वेळी सावलीत जाणंच योग्य.

दाराला कान लावला. आवाज थोडा वेळ तिथेच घुटमळला. मग विहिरीकडे गेला. माझ्या तोंडून नाव निघालं. हळूच. कोणी ऐकलेलं नाही.

१६ मे

पहाटे पाचला उरलेले खड्डे पुरे करून तिन्ही बल्ल्या उभ्या केल्या. बुडात सिमेंट काँक्रीट ओतलं, एक-दोन-चार. एस्टिमेटमध्ये नव्हतं, पण हे तीन पक्के हवेत. पुलाच्या खांबाला ओतत नाहीत इतकं ओतलं.

१७ मे

सुकलूने काल तीन बाजू ताणून दिल्या. मागची मी एकट्याने. यू खिळे, हातोडी, पक्कड. बोटं फाटली. नेमकी वाटेपाशी तार पाच फूट कमी पडली. अंदाजे धरलेले सात फूट प्रत्यक्षात बारा निघाले. पाचही तारांना सांधा द्यावा लागला. मधोमध वाटेवर उभं राहून एकेक पीळ मारला.

अकरा चाळीसला काम पूर्ण. सुंदर दिसतं. फोटो काढून ठेवण्यासारखं.

साडेबारा. काही वाजलं नाही.

एक वाजला. नाही.

यश.

१८ मे

शांत. मनकर्णेला पत्र टाकलं. लिहिलं, काम उत्कृष्ट झालं आहे, तुझा दुपारचा त्रासही कायमचा संपला, निघून ये. खाली सही केली, पूर्ण.

साडेबाराला मागचं दार उघडून बसलो. सहज. वारा यावा म्हणून. काही नाही. दीडपर्यंत बसलो.

१९ मे

काही नाही. अडीचपर्यंत.

घर इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं. कुंपणाने जागा मोठी दिसते, असं पुस्तकात आहे.

जेवलो नाही. भूक नव्हती. आता झोप तरी शांत लागायला हवी होती. तीही नाही. समजत नाही काय बिघडलं. सगळं तर जमलं आहे.

२० मे, रविवार

सकाळी अकराच्या एसटीने मनकर्णा आली. पत्र मिळालंच नव्हतं. बुधरीने कोणाकडून तरी सांगावा धाडला होता, वाट बंद केली म्हणून.

चेहरा उन्हाने काळवंडलेला, ओठ सुकलेले. तांब्या भरून समोर ठेवला. तिने तो बाजूला सरकवला. सरळ मागे गेली आणि ओसरीत बसली, नेहमीच्या जागी. मी उभं राहून कुंपणाची वैशिष्ट्यं सांगितली. पाच तारा का, डांबर का. ऐकलं की नाही कळलं नाही.

साडेबारा झाले. मग एक. मग ती म्हणाली, पाठ कुठी हाय? मी म्हटलं, कोणती पाठ? म्हणे, बुधरीची. काळी. बकरीची पाठ.

मग तिने सांगितलं, माझ्याकडे न पाहता. यशी गेली त्याच आठवड्यात बुधरीच्या बकरीला ती पाठ झाली. मातीच्या आधी यशीच्या पायातले वाळे मनकर्णेनेच काढले होते. मी तेव्हा पुढे चाललो होतो, मागे वळून पाहिलंच नाही. घरात ठेवले तर मी फेकून देईन, म्हणून तिने ते दोऱ्यात ओवून पाठीच्या गळ्यात बांधले. बुधरीला आता दुपारच्या उन्हात हिंडवत नाही, शेळ्यांमागे जायला पोर नाही. ऊन चढलं की त्या आपल्या आपण जंगलातून आमच्या विहिरीजवळच्या टाक्यावर पाण्याला येतात. साडेबाराला.

म्हणजे आवाज तोच होता. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकला.

मी म्हटलं, मग बकरी आहे हे मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुमी तिचं नाव काढू देत होते काय? मी म्हटलं, पण तुला माहीत होतं बकरी आहे, मग रोज काय ऐकत बसायचीस? म्हणाली, मले मालूम नाई का ते बकरी हाय म्हणून? डोळे मिटले की झालं. एवढंच तं होतं माह्याजवळ. त्यालेबी तार लावली तुमी.

मग रडली. मीही. लिहून ठेवतो, लपवण्यासारखं काही नाही.

पाणी प्यायली नाही. मेचं ऊन, सहा तासांचा एसटीचा प्रवास, आणि तांब्या तसाच. मी तीन वेळा दिला. चौथ्या वेळी सब्बल घेतली आणि मागे गेलो.

तारा पक्कडीने तोडल्या. सोपं होतं. बल्ल्या निघेनात. काँक्रीटला चार दिवस पाणी घातलं होतं मी, नियमाप्रमाणे. पहिली काढायला सव्वादोन तास. अकरा वर्षांत इतकं पक्कं काम माझ्या हातून झालं नव्हतं. सुकलू फडीकडे जाताना थांबला, पाहिलं, माझ्या हातातली सब्बल घेतली. आता त्याला त्या जागेची भीती वाटली नाही.

सहा वाजता तिन्ही निघाल्या. मनकर्णेने उभ्यानेच अख्खा तांब्या संपवला आणि दुसरा मागितला.

२१ मे

साडेबारा. दोघं ओसरीत, दार उघडं. शेळ्या आल्या नाहीत.

बुधरीकडे गेलो. म्हणे, भाऊ, तू तार लावली, त्याइनं दुसरी वाट धरली. आता तळ्यावर जातेत पाण्याले. तिथी पाणीबी मोठं, गवतबी हाय. ढोराची जात हाय ते, एकदा सवय लागली का लागली. पाठ विकत देता का, विचारलं. म्हणे, गाभण हाय, आता नाई देत. नुसते वाळे मागावेत असं वाटलं. नाही मागितले. तिच्या गळ्यातच बरे.

वाटेवर ओंजळभर मीठ आणि तुरीचं कुटार ठेवलं. टाकं काठोकाठ भरलं.

२२ मे

रजेचा शेवटचा दिवस. मीठ गावच्या गायीने खाल्लं.

साडेबाराला बसलो होतो. काही वाजलं नाही. तीनपर्यंत नाही. मनकर्णा म्हणाली, आता नाई येत. मग आपणहून म्हणाली, तुमी ऑफिसातून आले का यशी कुठूनबी पळत यायची, बावा, बावा करायची. मी म्हटलं, बावा नाही, बाबा. ती म्हणाली, बावा. तिले ब नीट येत नव्हता. मी म्हटलं, पहिला यायचा, दुसराही यायचा, मला चांगलं आठवतं.

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, म्हणून दाखवा बरं, कसं म्हणायची.

तोंड उघडलं. आवाज आठवेना. चौकटीवरची उंची पाठ आहे, वजन पाठ आहे, तारीख, वेळ, त्या रात्रीची पाण्याची पातळी पाठ आहे. आवाज नाही. मी वाळ्यांचाच ऐकत होतो आणि त्यावर दार लावत होतो.

बहुतेक बावा असेल. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पुन्हा बुधरीकडे जाऊन येतो, तिला आठवत असेल.